स्वतःचा केसपेपर

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते. चीनमध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होतं डॉ. नॉर्मन बेथून यांचं. १९३९ मध्ये आघाडीजवळ जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना या कॅनडियन सर्जनचं बोट कापलं. हातात मोजे नव्हते. जखम चिघळली, संसर्ग रक्तात गेला आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. पेनिसिलिन तेव्हा वापरात आलेलं नव्हतं. कोटणीस त्यानंतर तीन वर्षांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. त्याआधी एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. दोघांनाही आपण हुतात्मे म्हणतो आणि त्यात चूक काही नाही. पण वॉर्डातल्या भाषेत मांडलं तर एकाला कामावर शार्प इन्जुरी झाली आणि दुसरा झोप न घेता राबला. आजच्या इंटर्नच्या आणि नाइटच्या सिस्टरच्या वाट्याला नेमक्या याच दोन गोष्टी येतात, आणि आज त्या दोन्हींवर उपाय आहेत.

हा लेख डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅब टेक्निशियन, वॉर्डातल्या मावशी-मामा आणि या सगळ्यांच्या घरच्यांसाठी आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. दिवसाला शंभर लोकांचे केसपेपर हाताळणाऱ्या माणसानं स्वतःचाही एक काढावा. सुई लागली, खोकला राहिला, बीपी वाढलं, झोप उडाली, काहीही झालं तरी ते कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे आणि दुसऱ्या कुणीतरी वाचलं पाहिजे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. २०१७ मध्ये केरळच्या आयएमएनं आपल्या सामाजिक सुरक्षा योजनेतल्या डॉक्टरांच्या दहा वर्षांतल्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय ६२च्या आसपास निघालं. केरळातल्या सर्वसामान्य माणसाचं सरासरी आयुर्मान ७५च्या घरात. झालं, 'डॉक्टर तेरा वर्षं आधी मरतात' अशा बातम्या सुरू झाल्या आणि व्हॉट्सअॅपवर त्या अजून फिरतात. ही तुलनाच चुकीची आहे. योजनेत तरुण आणि मध्यमवयीन सभासद जास्त असले की त्यातून मरणारेही त्याच वयाचे दिसतात. जे पंच्याऐंशीपर्यंत जगणार आहेत ते अजून जिवंत आहेत, म्हणून हिशेबात नाहीत. शाळकरी मुलांच्या मृत्यूंचं सरासरी वय काढलं तर दहा-बारा येईल, तेवढ्यावरून शाळेत जाणं जीवघेणं ठरत नाही. पाश्चात्त्य देशांतले आकडे तर उलट सांगतात: तिथले डॉक्टर सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त जगतात. त्याचं एक मोठं कारण तंबाखू. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून ३४ हजारांवर ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. सिगारेट माणसाची सरासरी दहा वर्षं खाते, हे पन्नास वर्षांच्या त्या नोंदींतून दिसलं. आपल्याच सहकाऱ्यांचे मृत्यू मोजले गेल्यावर डॉक्टरांनी सिगारेट सोडली.

केरळच्या अभ्यासातला खरा लक्ष देण्यासारखा भाग कारणांचा होता. निम्म्याच्या आसपास मृत्यू हृदयविकार आणि कर्करोगाचे होते, संसर्गाचे मोजकेच. कोविडनं हे चित्र काही काळ पार बदललं. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण साथ ओसरली की जुनेच आजार पुन्हा पुढे येतात. पीपीई किटमधला फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतो, मात्र आपल्यातल्या बहुतेकांना धोका आहे तो दहा वर्षं न मोजलेल्या बीपीचा.

सुई लागली तर

सुई लागली की पहिल्या मिनिटात जे होतं ते बहुतेक वॉर्डांत सारखंच. बोट पिळून रक्त काढायचं, वर स्पिरिट ओतायचं, कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करायची आणि पुढच्या बेडकडे वळायचं. यातलं काहीही करू नका. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, बस्स. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्यानं किंवा सलाइननं भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी धुवून घ्या, मग लेन्स काढा आणि पुन्हा धुवा.

आता भीतीचा हिशेब. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्तानं माखलेली सुई लागली तर संसर्गाची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनहून कमी. हिपॅटायटिस बीची मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहा ते तीस. बीचा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस टिकतो. आपण घाबरतो पहिल्याला आणि दुर्लक्ष करतो तिसऱ्याकडे. खरं तर या तिघांत लस फक्त त्या तिसऱ्यावरच आहे.

म्हणून हिपॅटायटिस बीचे तीन डोस (शून्य, एक आणि सहा महिने) पूर्ण करा. पुष्कळजण दोन घेतात आणि तिसरा पोस्टिंग बदलल्यावर राहतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींचं प्रमाण, तपासा. तो १० किंवा त्याहून जास्त आला की त्याचा कागद जपून ठेवा. कमी आला तर पुन्हा तीन डोस घ्यायचे असतात. लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई लागली तर इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत आणि त्याच वेळी लसीचा पहिला डोस.

एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं, म्हणजे पीईपी, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर उपयोग नाही. पहिला डोस घ्यायला रुग्णाच्या रिपोर्टची वाट पाहू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढच्या गोळ्या थांबवता येतात. आता राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) मार्गदर्शनानुसार टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर हे मिश्रण २८ दिवस दिलं जातं. जुन्या औषधांनी मळमळून हैराण झालेल्या सीनियरांच्या गोष्टी ऐकून कोर्स टाळू नका, ही गोळी पुष्कळ सुसह्य आहे. स्वतःची तपासणी त्याच दिवशी, मग सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने. तोवर कंडोम वापरा, रक्तदान करू नका, अंगावर पाजत असाल तर एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात. त्यामुळे तपासायला घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही.

नाइटला दोन वाजता ही औषधं कुठल्या कपाटात असतात आणि किल्ली कुणाकडे असते, हे सुई लागण्याआधी माहीत हवं. नव्या पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांना विचारून ठेवा.

आणि नोंद करा. तारीख, वेळ, कुठली सुई, कुठलं काम, कुणाचं रक्त, सगळं रजिस्टरमध्ये जाऊ द्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. कागद नसेल तर सहा महिन्यांनी आलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट तुमच्या खासगी आयुष्याच्या खात्यावर लिहिला जातो, आणि लग्न न झालेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एचआयव्हीविषयीच्या २०१७च्या कायद्यानं धोका असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. संसर्गजन्य आजारांना आरोग्यसेवेतले व्यावसायिक आजार म्हणून कर्मचारी भरपाईच्या कायद्यातही जागा आहे. पण हक्क मागायला पुरावा लागतो.

सुई लागूच नये यासाठीची गोष्ट जुनीच: टोपण परत लावायचं नाही. वापरलेली सुई जागेवरच हब कटरमध्ये, आणि तिथून पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. डॉक्टरांनी ट्रेमध्ये किंवा गादीवर सोडलेली सुई शेवटी मावशींच्या हाताला लागते, आणि लस सगळ्यात कमी वेळा त्यांनाच मिळालेली असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार सगळ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करणं संस्थेला बंधनकारक आहे. कंत्राटी मावशी त्यातून सुटत नाहीत. तुमच्या वॉर्डात ही तपासणी शेवटची कधी झाली ते एकदा विचारून बघा. उत्तराऐवजी बहुधा हसू मिळेल.

खोकला, लेव्होफ्लॉक्सासिन आणि टीबी

मुंबईत शिवडीच्या टीबी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना टीबी होऊन काहीजण दगावल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पण तिथं निदान समोरचा रुग्ण टीबीचा आहे हे माहीत तरी असतं. कॅज्युअल्टीत 'दम लागतोय' म्हणून आलेल्या, निदान न झालेल्या माणसाजवळ वाकून ईटी ट्यूब टाकणाऱ्या रेसिडेंटला ते माहीत नसतं.

सर्जिकल मास्क तुमच्यापासून रुग्णाला वाचवतो. रुग्णापासून तुम्हाला वाचवायला एन-९५ लागतो, तोही गालाला घट्ट बसलेला. दाढीवर तो बसत नाही. ओपीडीतल्या खुर्च्यांची मांडणी एकदा तपासा: वारा तुमच्याकडून रुग्णाकडे आणि तिथून खिडकीबाहेर गेला पाहिजे. म्हणजे ताजी हवा जिकडून येते तिकडे तुमची खुर्ची, बाहेर जाते तिकडे रुग्णाची. यासाठी टेंडर काढावं लागत नाही. जुन्या सरकारी इमारतींची उंच छतं आणि समोरासमोरच्या खिडक्या उगीच नव्हत्या. त्या खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावणं ही प्रगती असल्याचं मला काही पटलेलं नाही.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, वजनात घट, यांपैकी काही असेल तर थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला पाठवा. आपल्या क्षेत्रातली खास चूक इथं होते. सॅम्पलच्या कपाटातून लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिनची पट्टी काढून पाच दिवस घ्यायची. ही औषधं टीबीच्या जंतूवर अर्धवट चालतात. खोकला थोडा कमी होतो, निदान महिनाभर लांबतं आणि उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. थुंकी तपासल्याशिवाय स्वतःला क्विनोलोन देऊ नका. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर टीबीच्या वॉर्डातली पोस्टिंग बदलून मागा, आणि ती तोंडी न मागता अर्ज लिहून मागा.

नाइट

झोपेबद्दल आपल्याकडे बढाया मारायची पद्धत आहे. 'आमच्या वेळी आम्ही छत्तीस तास...' असं सुरू झालेलं वाक्य कँटीनमध्ये सगळ्यांनी ऐकलंय. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचा हात आणि मेंदू रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात. पूर्ण २४ तासांनी ते ०.१० टक्क्यांवर जातं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पोस्ट-नाइट रेसिडेंट स्कूटरवर बसतो तेव्हा त्याची अवस्था नाकाबंदीत पकडलेल्या माणसापेक्षा वाईट असते, फक्त फुंकायच्या यंत्रात ती दिसत नाही. अमेरिकेतल्या इंटर्न्सच्या २००५च्या अभ्यासात लांबलचक ड्यूटीनंतर गाडी चालवताना अपघाताचा धोका दुपटीहून जास्त निघाला. दुसऱ्या एका अभ्यासात सुया लागण्याचं प्रमाणही अशा ड्यूटीत वाढलेलं दिसलं.

हृदयाचे आकडेही याच दिशेचे आहेत. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये मांडलं. अमेरिकेत १९७६ पासून चालू असलेल्या नर्सेस हेल्थ स्टडीत, पाच वर्षांहून जास्त काळ फिरत्या नाइट केलेल्या परिचारिकांचा एकूण मृत्यूदर ११ टक्क्यांनी जास्त आढळला.

आता तीन आकडे एकाखाली एक ठेवून बघा. १९९२च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. धोक्याची रेषा ५५ तासांवर आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं २०२४ मध्ये शिफारस केली ती ७४ तासांपेक्षा जास्त काम नको म्हणून. सुधारणेच्या नावाखाली आपण मागे सरकलोय, आणि ७४ ऐकूनही पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला ती चैन वाटते, यातच सगळं आलं.

ड्यूटीचा तक्ता तुमच्या हातात नसला तरी काही गोष्टी असतात. नाइटच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोपा. मुख्य जेवण ड्यूटीवर जाण्याआधी घरीच करा आणि मध्यरात्रीनंतर वडापाव, बिर्याणी टाळून फळं, दाणे, ताक असं हलकं काहीतरी खा. चहा-कॉफी रात्रीच्या पूर्वार्धात. पहाटे चारचा चहा सकाळची झोप खातो. शक्य असेल तेव्हा वीस मिनिटांची डुलकी घ्या, पण अलार्म लावून, आणि उठल्यावर दहा मिनिटं कुठलाही डोस मोजायला घेऊ नका. पोटॅशियम, इन्शुलिन, हिपॅरिन ही इंजेक्शनं पहाटे दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय देऊ नका. सकाळी गाडी तिथंच ठेवा. रिक्षा, बस, लोकल, काहीही चालेल. घरी जाताना गॉगल लावा, खोली अंधारी करा.

तक्ता करणाऱ्या मेट्रन आणि युनिट हेड वाचत असतील तर एवढंच: पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं पुढे सरकवा, उलट्या नको. नाइट संपल्यावरचा ऑफ हा झोपेचा असतो, त्या दिवशी मीटिंग ठेवू नका.

घरच्यांसाठीही एक सांगणं आहे. नाइटहून आलेल्या सुनेनं आधी स्वयंपाक करावा आणि मग झोपावं, ही अपेक्षा तिच्या हृदयाच्या धमन्यांपर्यंत पोचते. दारावर चिठ्ठी लावा, बेल बंद करा, डबा मागवा.

पाठ, पाणी, रेडिएशन

इथं थोडक्यात. रुग्णाला बेडवर वर सरकवताना बेड आधी कमरेच्या उंचीवर आणा, चादरीला दोन्ही बाजूंनी धरा, दोघांनी मिळून ओढा. नातेवाईक उभा असेल तर त्यालाही हात लावायला सांगा. पाठ दुखली की वॉर्डातल्या ट्रेमधून डायक्लोफिनॅक टोचून घेण्याची सवय किडनीला महागात पडते. फिजिओथेरपी विभाग त्याच इमारतीत असतो. पाणी प्या आणि लघवीला जा. 'वेळ मिळत नाही' म्हणून तासन् तास लघवी रोखणाऱ्या सिस्टरांना मूत्रमार्गाचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, आणि पुष्कळ ठिकाणी खरं कारण वेळेपेक्षा स्टाफच्या स्वच्छतागृहाचं बंद कुलूप हे असतं. सी-आर्म असलेल्या ओटीत लेड एप्रनसोबत थायरॉइड कॉलर वापरा, टीएलडी बॅज ड्रॉवरमध्ये न ठेवता छातीवर लावा, एप्रन घडी घालू नका, टांगा. गर्भारपण कळताच रेडिएशन आणि केमोथेरपीची औषधं मिसळण्याचं काम बदलून मागा. त्यासाठी पाचवा महिना लागण्याची वाट पाहायची नसते.

तिशीनंतर

वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात, बीपी, एचबीए१सी, लिपिड, क्रिएटिनिन. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर नको. स्त्रियांनी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. दुसऱ्यांचे पॅप स्मिअर घेणाऱ्या कितीतरी सिस्टरांचा स्वतःचा एकदाही झालेला नसतो. बीपी १४०/९० च्या वर दोन वेगळ्या दिवशी आलं तर ते 'ड्यूटीच्या टेन्शनचं' नाही, ते बीपी आहे. मिशरी आणि गुटखा हे विषय वॉर्डातल्या मावशी-मामांपुरतेच आहेत असं समजू नका.

छातीत जळजळ झाली तर अँटासिड घेऊन पुढचा पेशंट बोलावू नका. रुग्णालयात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी, हा नियम आपण रुग्णांसाठी पाळतो. तुम्ही तर आधीच रुग्णालयात आहात. कॅज्युअल्टीत जा, केसपेपर काढा, झोपा आणि ईसीजी दुसऱ्याला वाचू द्या. स्वतःचा ईसीजी स्वतः नॉर्मल ठरवायचा नाही.

मनाचं

२०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वीस देशांतल्या आकडेवारीचा एकत्रित अभ्यास आला. महिला डॉक्टरांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा ७६ टक्क्यांनी जास्त निघालं. पुरुष डॉक्टरांमध्ये तसा फरक आढळला नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं केलेल्या ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी जीव देण्याचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. ऑनलाइन सर्वेक्षणात त्रासलेली माणसं जास्त उत्तरं देतात हे मान्य केलं तरी आकडा लहान होत नाही.

याची कारणं एकट्या मनात शोधू नयेत. अपुरी झोप, सीनियरांकडून होणारा अपमान, जातीवरून टोमणे, बाँडची रक्कम, महिनोन् महिने अडकलेलं स्टायपेंड, हे सगळं खरं असतं आणि त्याची तक्रार मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेकडे, रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी करायची असते. पण त्याच वेळी उपचारही घ्यायचे असतात. तक्रार आणि उपचार दोन्ही एकदम चालतात.

सहकारी नेहमीपेक्षा गप्प झाला, राउंडला चुकू लागला, आवरत-सावरत बसला, वस्तू देऊन टाकू लागला, 'मी नसलो तरी काही अडणार नाही' असं हसत म्हणाला, तर सरळ विचारा: जीव देण्याचे विचार येतात का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकट्याला सोडू नका, ड्यूटी दुसऱ्याकडे द्या, औषधांच्या कपाटाची जबाबदारी त्याच्याकडे ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचाराच्या ओपीडीत सोबत जा. आपल्याच कॉलेजात नको वाटत असेल तर बाहेर जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यानं उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडेही हा कायदा गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र तणावाखालचा माणूस म्हणून पाहतो.

झोपेच्या गोळ्या, पेन्टाझोसिन, ट्रॅमाडॉल यांपैकी काही 'फक्त नाइटनंतर' म्हणून सुरू झालं असेल तर ते आत्ताच कुणालातरी सांगा. हाताशी असणं हाच त्यातला मोठा धोका आहे.

मारहाण

महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यासाठी वेगळा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. ऑगस्ट २०२४च्या केंद्राच्या आदेशानुसार सरकारी रुग्णालयात हल्ला झाल्यास सहा तासांत एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. म्हणजे मार खाल्लेल्या इंटर्ननं एकट्यानं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायचं नाही. जखमांची एमएलसी नोंद मात्र त्याच रात्री करून घ्या, खरचटलं असलं तरी. वाईट बातमी सांगायला एकट्यानं जाऊ नका, दाराकडे पाठ ठेवून नातेवाइकांच्या घोळक्यात उभे राहू नका, आणि गर्दी चढू लागली तर वाद घालत न थांबता तिथून निघा.

डॉक्टर कुणाकडे जातो

कुणाकडेच नाही, हे प्रामाणिक उत्तर. कॉरिडॉरमध्ये बॅचमेटला थांबवून 'अरे, हे जरा बघ ना' म्हणायचं, त्यानं चालता चालता एक औषध सुचवायचं आणि दोघांनी चहाला जायचं, याला आपण उपचार म्हणतो. यात इतिहास विचारला जात नाही, पोट तपासलं जात नाही, दारू किती हे तर कुणीच विचारत नाही. फॉलोअप नसतो, कारण कागद नसतो.

एक डॉक्टर निवडा. शक्यतो आपला जवळचा मित्र नको, बॉस तर नकोच. एमडी मेडिसिन किंवा चांगला फॅमिली फिजिशियन पुरे. तालुक्याच्या गावी सगळेच ओळखीचे असतील तर शेजारच्या शहरातला निवडा. अपॉइंटमेंट घ्या, ओपीडीच्या वेळेत जा, फी देऊ केली की ती घ्यायला लावा. फुकट तपासणाऱ्याला आपल्यावर रागावता येत नाही आणि आपल्याला त्याला पुन्हा त्रास द्यायचा संकोच वाटतो. आपलं निदान आधीच सांगून टाकू नका, लक्षणं सांगा. नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या सिस्टरांचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं कार्ड निघालंय का ते मालकाला विचारा. पगारातून कापून पुढे न भरणारेही असतात, म्हणून पोर्टलवर स्वतःच्या नावानं हप्ते जमा दिसतात का तेही बघा.

घरी एक फाइल करा. तिच्यात लशींचे कागद, बीचा टायटर, सुई लागल्याच्या नोंदींच्या प्रती, दरवर्षीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, विम्याचे कागद आणि तुमच्या डॉक्टरचा नंबर ठेवा. ती कुठं आहे ते घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा. पहिल्या भेटीला ती घेऊन जा आणि रांगेत नंबर येईपर्यंत ड्यूटीचा फोन सहकाऱ्याकडे सोपवा.